घरच्या राखणीचें पिस्तूल

संसारांत लागणाऱ्या वस्तूंची परीक्षा करून तिचा निकाल वाचकांपुढें ठेवावा, एवढेंच या सदराचें काम. आजवर कुलपें, कंदील, पाण्याच्या गाळण्या व औषधांच्या पेट्या यांविषयीं आम्ही लिहीत आलों. परंतु गेल्या वर्षभरांत जीं पत्रें आलीं त्यांतील पुष्कळांचा रोख एका निराळ्याच वस्तूकडे आहे. प्रश्न थोड्याबहुत फरकानें एकच: घराच्या राखणीसाठीं परवाना काढून पिस्तूल घ्यावें काय, आणि घ्यावयाचें झाल्यास बेताच्या किंमतींत कोणतें मिळेल?

हा प्रश्न पडण्याचें कारण उघड आहे. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद या गांवांतील ज्या वाड्यांत एके काळीं पंगतीस वीस-पंचवीस पानें मांडलीं जात, त्यांतील कित्येकांत आज दोन म्हातारीं माणसें राहतात. मुलगे पुण्यामुंबईस, नातवंडें परदेशीं. कापसाचे पैसे घरीं येण्याचे दिवस, लग्नसराईंत कपाटांतून निघालेले दागिने, आणि परसदारीं काळोख. अशा स्थितींत अपरात्रीं कडी वाजली म्हणजे छातींत कसें धस्स होतें, हें आम्ही आमच्या वयावरून जाणतों. भीति खोटी नव्हे. या भीतीवर हें औषध लागू पडतें कीं काय, एवढेंच पाहावयाचें आहे.

शाळेंत एखादा प्रश्न अवघड वाटला म्हणजे आम्ही मुलांस तो पोटप्रश्नांत फोडावयास सांगत असूं. तीच रीत येथें धरली आहे. पहिला पोटप्रश्न कायद्याचा, दुसरा वस्तूचा, तिसरा हाताचा आणि चौथा घराचा. पहिल्या तिहींचीं उत्तरें कायद्याच्या पुस्तकांत, दुकानांत व चांदमारीच्या मैदानावर मिळतात. चौथ्याचें मात्र ज्याचें त्यानेंच द्यावयाचें असतें.

प्रथम कायदा. आपल्या देशांत सामान्य मनुष्याच्या हातीं शस्त्र नसावें ही व्यवस्था लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत, १८७८ च्या कायद्यानें, पक्की झाली. त्यांत गोऱ्यांस सूट व काळ्यांस बंदी असा भेद असल्यामुळें तो कायदा मानहानीचा वाटे. आणि १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वराज्य आल्यावर १९५९ चा शस्त्र-कायदा झाला. भेद गेला, परवाना राहिला. सध्यां त्या कायद्याखालील २०१६ चे नियम चालू आहेत. अर्जदाराचें वय एकवीस वर्षांहून कमी नसावें. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा. शस्त्र कां हवें याचें कारण द्यावयाचें. पोलिसांची चौकशी व्हावयाची. आणि शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला जोडावयाचा. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका मनुष्यास तिहींऐवजीं दोनच शस्त्रें ठेवतां येतात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजीं पांच वर्षें झाली आहे. निवडणुकीच्या काळांत हुकूम निघाल्यास शस्त्र ठाण्यांत जमा करावें लागतें.

यांतील एक गोष्ट एकत्र कुटुंबांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. परवाना मनुष्यास मिळतो, घराण्यास नाहीं. शेत सामाईक असेल, तिजोरी सामाईक असेल, देवघर तर असतेंच. पण पिस्तूल सामाईक असूं शकत नाहीं. ज्येष्ठ बंधु परगांवीं गेले असतां त्यांच्या नांवचें शस्त्र धाकट्यानें उशाशीं घेऊन निजणें, हें कायद्याच्या दृष्टीनें विनापरवाना शस्त्र बाळगणेंच होय.

आतां वस्तु. परवानाधारकास कोणतेंही पिस्तूल घेतां येतें असें नाहीं. सैन्यांत व पोलिसांत चालणाऱ्या मापांचीं, उदाहरणार्थ नऊ मिलिमीटर व .३८, हीं सामान्य नागरिकांस निषिद्ध आहेत. राहतात तीं मुख्यत्वें .३२ व .२२. हे आंकडे नळीच्या पोकळीचे: एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतील बत्तीस, म्हणजे सुमारें आठ मिलिमीटर. परदेशी शस्त्रांच्या खाजगी आयातीस गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत आळा बसल्यामुळें जुनीं विलायती पिस्तुलें ज्यांच्याकडे आहेत तीं भलत्याच भावानें विकलीं जातात. त्यांचा विचार आम्ही सोडून दिला.

देशी मालांत कानपुरच्या सरकारी कारखान्याचें .३२ रिव्हॉल्व्हर हें फार दिवसांचें ओळखीचें. त्यांत सहा गोळ्या राहतात, आणि तें मध्यें मोडून उघडतें. २०१४ च्या जानेवारींत कानपुरच्याच फील्ड गन फॅक्टरीनें ‘निर्भीक’ नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर काढलें. दिल्लींत २०१२ च्या डिसेंबरांत जो अमानुष प्रसंग घडला, त्यानंतर स्त्रियांच्या हातीं सोपें पडावें म्हणून तें केलें असें सांगण्यांत आलें. वजन सुमारें ५०० ग्रॅम, धातु टायटॅनियमचें मिश्रण, आणि त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये. ज्या सामान्य मुलींच्या नांवानें तें निघालें त्यांतील किती जणींच्या आईबापांस ही किंमत झेपेल, असा प्रश्न तेव्हांच विचारला गेला, आणि तो योग्यच होता. बंगालमधील इछापुरच्या रायफल फॅक्टरीचें ‘निडर’ याहून लहान: माप .२२, वजन सुमारें २५० ग्रॅम, आणि बाजारांत आलें त्या वेळीं किंमत सुमारें ३५,००० रुपये. हे कारखाने चालविणारें सरकारी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजीं मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकीं कानपुरच्या कंपनीनें ऑगस्ट २०२३ मध्यें ‘प्रबल’ हें नवें.३२ रिव्हॉल्व्हर आणलें. त्याची नळी ७६ मिलिमीटर, वजन काडतुसांवांचून सुमारें ७०० ग्रॅम, आणि गोळ्यांचें चाक बाजूस उघडतें. थोडक्यांत, ‘बेताची किंमत’ या शब्दाचा या बाजारांतील अर्थ निराळा आहे. लाख-सव्वा लाखांची तयारी हवी. आणि काडतुसें, लोखंडी पेटी, शिक्षण व मैदानाची फी हा खर्च वेगळा.

तिसरा पोटप्रश्न हाताचा. त्यासाठीं आम्ही नागपुराकडील एका सरकारमान्य मैदानावर गेलों. बरोबर आमचे पुतणे होते; त्यांचा शेतीचा व्यवहार मोठा असल्यामुळें त्यांनीं परवाना काढून .३२ रिव्हॉल्व्हर घेतलें आहे. त्यांची कन्या, म्हणजे आमची नात, तेथील नेमबाजी-मंडळाची सभासद असून मंडळाच्या .२२ पिस्तुलावर आठवड्यांतून तीन दिवस सराव करते. मैदानावरील गुरुजी हे निवृत्त सैनिक. आम्हीं स्वतः शस्त्रास हात लावला नाहीं. परीक्षकाच्या खुर्चीवर वही घेऊन बसलों, आणि कानांवर रक्षक टोप्या चढविल्या. त्या किती अवश्य आहेत हें पहिल्याच आवाजास कळलें. अशा शस्त्राचा आवाज १४० डेसिबलांहून अधिक असतो, आणि तो एकदांच ऐकूनही कानास कायमची इजा होऊं शकते. उघड्या मैदानावर ही गोष्ट; माजघरांत काय होईल तें वाचकांनींच ताडावें.

पहिली परीक्षा सोपी ठेवली होती. दहा पावलांवर माणसाच्या छातीएवढा कागद, वेळेची घाई नाहीं, घोडा आंगठ्यानें मागें ओढून मग चाप दाबावयाचा. पुतण्यांच्या सहाही गोळ्या कागदावर लागल्या, आणि त्यांच्या मुद्रेवर पास झालेल्या विद्यार्थ्याचें समाधान दिसलें. दुसऱ्या परीक्षेंत गुरुजींनीं त्यांस मैदानाबाहेर दोनशे पावलें धांवून येण्यास सांगितलें, व शिटी होतांच घोडा न चढवितां नुसत्या चापानें झटपट गोळ्या सोडावयास लावल्या. सहांपैकीं कागदावर दोनच लागल्या, आणि त्यांतील एक अगदीं कडेस. हेंच मनुष्य, हेंच शस्त्र, हेंच अंतर. बदलले होते ते श्वास व घाई हे दोनच.

याचें कारण गुरुजींनीं फार चांगलें समजावून दिलें. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधीं चढविलेला नसला तर चाप ओढतांना त्याच बोटाच्या जोरानें चाक फिरावयाचें व घोडाही उचलला जावयाचा असतो. म्हणून जोर अधिक लागतो, आणि त्या जोरानें नळी हलते. शिवाय नळी आंखूड असली म्हणजे नेम धरण्याच्या पुढच्यामागच्या खुणा जवळजवळ येतात, आणि हाताची गुंजभर चूक कागदावर वीतभर होते. ‘हलकें’ शस्त्र हा गुण समजून लोक विकत घेतात. पण गोळी तीच असतां शस्त्र जितकें हलकें तितका त्याचा धक्का हातास अधिक बसतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. नवशिक्या मनुष्यास दुसरी गोळी पहिलीहून कठीण जाते ती यामुळेंच. .२२ चा धक्का सौम्य, म्हणून शिकण्यास तें उत्तम. परंतु त्याची गोळीही तशीच हलकी, आणि त्याच्या काडतुसाच्या कडेंत भरलेली ठिणगीची दारू कधींकधीं पेट घेत नाहीं. म्हणजे जें वापरण्यास सोपें तें प्रसंगीं कमी भरंवशाचें, आणि जें भरंवशाचें तें हातास जड. मधला मार्ग दुकानांत विकत मिळत नाहीं. तो सरावानेंच सांपडतो.

नातीची गोष्ट निराळी. धांवून आल्यावरही तिच्या बहुतेक गोळ्या कागदाच्या मध्याजवळ होत्या. पण तिनें गेल्या तीन वर्षांत हजारों गोळ्या झाडल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रांत या विद्येस आतां चांगले दिवस आले आहेत. कोल्हापुरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं जगज्जेत्या झाल्या, त्याच गांवच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, आणि राधानगरी तालुक्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या ऑगस्टांत पॅरिस ऑलिंपिकचें कांस्यपदक आणलें. हीं नांवें घेण्याचा हेतु एवढाच कीं नेम हा अभ्यासाचा विषय आहे, मालकीचा नव्हे. घरगुती परवानाधारकास मात्र वर्षाकांठीं किती काडतुसें घेतां येतील याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. आणि बहुतेक जण तेवढींही झाडीत नाहींत. शस्त्र कपाटांत, आणि हात शस्त्र विसरलेला.

तिसरी परीक्षा आम्हीं सुचविली. लोखंडी पेटी कुलुपांत, काडतुसें दुसऱ्या डब्यांत, किल्ली खिशांत. शिटी वाजल्यापासून शस्त्र भरून तयार होण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहिलें. दिवसाढवळ्या, चष्मा डोळ्यांवर असतां, पुतण्यांस एक मिनिटाहून अधिक वेळ लागला, व दोन काडतुसें हातांतून खालीं पडलीं. येथेंच या सबंध प्रश्नाची गांठ आहे. शस्त्र नियमाप्रमाणें कुलुपांत ठेवावें तर तें वेळेवर हातीं येत नाहीं. उशाखालीं भरून ठेवावें तर तें चोरापेक्षां घरच्यांसच अधिक जवळचें.

परतीच्या वाटेवर पुतण्यांस पहिल्या परीक्षेचे सहा आंकडे आठवत होते, दुसरीचे नव्हते. पाठीमागें बसलेल्या सूनबाई इतका वेळ कांहीं बोलल्या नव्हत्या. कळंब मागें पडल्यावर त्या म्हणाल्या, “काकाजी, एक विचारूं? रात्रीं त्या पेटीची किल्ली कोणाजवळ असावयाची?” पुतण्यांनीं ‘माझ्याजवळ’ म्हणून सांगितलें. “आणि आपण मुक्कामास बाहेरगांवीं असलां म्हणजे?” यास उत्तर आलें नाहीं. आमच्या वहींतील सर्व नोंदींपेक्षां ही नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते. कारण चौथा पोटप्रश्न हाच.

त्याकडे वळण्यापूर्वीं स्वसंरक्षणाच्या हक्काविषयीं चार शब्द अवश्य आहेत. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन, भूमि व स्त्री यांचें हरण करणारा अशा सहांस आततायी म्हटलें, आणि त्यास मारण्यांत दोष मानला नाहीं. आजचा कायदाही या बाबतींत दुबळा नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचीं ३४ ते ४४ हीं कलमें स्वसंरक्षणाचीं आहेत. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं घर फोडून आंत शिरणाऱ्याचा प्रतिकार करतांना त्याचा प्राण गेला तरी तो हक्काच्या मर्यादेंत बसूं शकतो, असें ४१ वें कलम सांगतें. परंतु ३७ वें कलम लगेच दोन कुंपणें घालतें: संरक्षणास जरूर तेवढ्याहून अधिक इजा करतां कामा नये, आणि सरकारी अधिकाऱ्यांचें साह्य मागण्यास अवधि असेल तर हा हक्क राहत नाहीं. दारांतून निसटून अंगण ओलांडून पळत सुटलेल्या चोराच्या पाठींत गोळी घालणें यास या कलमांचा आधार मिळणें कठीण. ही बारीक रेषा अंधारांत, चष्म्यावांचून, दोन क्षणांत ओळखावयाची असते. आणि दारांत उभा असलेला मनुष्य दरोडेखोर, कीं उशिरा गाडीनें न कळवितां आलेला आपलाच भाचा, हेंही त्याच दोन क्षणांत.

अंधारांतील एका गोळीचा हिशेब किती वर्षें चालतो, हें आमच्या जिल्ह्यानें पाहिलें आहे. पांढरकवडा-राळेगांव भागांतील टी-१ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. तिला धरण्यासाठीं हत्ती, कॅमेरे व तज्ज्ञ यांची मोहीम कित्येक आठवडे चालली. आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती गोळीनें मारली गेली. तिनें अंगावर झेप घेतली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली असें सांगण्यांत आलें. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीनें त्या कारवाईच्या रीतीवर आक्षेप घेतले. आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. कोण बरोबर हें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण जन्मभर बंदूक हाताळलेल्या माणसांच्या एका गोळीमागें जर एवढे प्रश्न उभे राहतात, तर वर्षांतून सहा गोळ्या झाडणाऱ्या गृहस्थानें आपल्या नेमावर व निर्णयावर किती भार टाकावा, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. भारतकथेंत अस्त्र सोडण्याची विद्या अर्जुनास होती तशी अश्वत्थाम्यासही होती. तें परत घेण्याची विद्या मात्र अर्जुनासच होती. पिस्तुलाच्या गोळीच्या बाबतींत आपण सर्वच अश्वत्थामे आहों.

आतां घर. चोर बहुधा घरांत माणसें नसतांना येतो. आपण लग्नास किंवा यात्रेस गेलों असतां त्याच्या हातीं जें जें लागेल त्यांत पिस्तूलही आलेंच. आणि दागिना गेला तर आपलें नुकसान होतें, पिस्तूल गेलें तर तें दुसऱ्याच कोणाच्या छातीवर रोखलें जातें. दुसरें, मुलें. मोठ्यांनीं लपविलेली वस्तु मुलांस ठाऊक नसते असें मानणारा मनुष्य एकत्र कुटुंबांत राहिलेला नसावा. आंत गोळ्यांची पेटी असलेल्या स्वयंचलित पिस्तुलांत तर ती पेटी काढून घेतल्यावरही एक काडतूस नळीच्या मागल्या टोकांत राहूं शकतें. ‘रिकामें आहे’ म्हणून दाखवितांना घडणारे अपघात बहुधा असेच असतात.

तिसरें सांगतांना लेखणी जड होते, पण सांगणें भाग आहे. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजीं जो अंत झाला, त्याची आठवण म्हणून दरवर्षीं त्या तारखेस कित्येक लोक अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या जिल्ह्याच्या नांवाशीं तें दुःख कायमचें जोडलें गेलें. शस्त्र बाहेरच्या शत्रूसाठीं आणलें जातें; परंतु घरांतील निराश मनुष्यासही तें तितकेंच हातीं असतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील सुमारें दोन कोटी साठ लाख प्रौढ माणसांची पाहणी करून २०२० सालीं विद्वानांनीं असें दाखविलें कीं, ज्यांच्या मालकीचें पिस्तूल आहे अशा पुरुषांत पिस्तुलानें आत्महत्या होण्याचें प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारें आठपट, व स्त्रियांत पस्तीसपट होतें. निराशेचा झटका पुष्कळदां घटकाभराचा असतो, आणि घटका टळली तर मनुष्य टळतो. पिस्तूल ती घटका देत नाहीं. ज्या घरांत कर्जाची चिंता, दारू, भाऊबंदकीचा कडवटपणा किंवा उदास झालेलें एखादें मन असेल, त्या घरांत हें शस्त्र येऊं देऊं नये, हें आमचें निक्षून सांगणें आहे. अशा मनासाठीं सरकारनें ‘टेलि-मानस’ म्हणून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि ठेवला आहे. तो क्रमांक देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास कोणताच परवाना लागत नाहीं.

मग ज्यांस भीति वाटते त्यांनीं काय करावें? सव्वा लाख रुपयांचा हिशेब दुसऱ्या रीतीनें मांडून पाहावा. मागच्या व पुढच्या दारांस आंतून अडसर व लोखंडी जाळीचें दुसरें दार. परसांत माणसाची चाहूल लागतांच लागणारा दिवा. शेजारच्या घरांत वाजेल अशी घंटा. दागिन्यांस बँकेंत पेटी. कापसाचे पैसे घरीं न आणतां खात्यावर. आणि एक भुंकणारें कुत्रें. इतकें सर्व करून पुष्कळ पैसे उरतात. पोलिसांस बोलाविण्याचा क्रमांक ११२ आहे, आणि तो म्हातारपणींही थरथरत्या बोटानें दाबतां येतो. त्यांत नेम चुकण्याची भीति नाहीं. यांतील प्रत्येक वस्तु मालक घरीं नसतांनाही राखण करते. पिस्तूल तसें करीत नाहीं.

तथापि कांहींस खरोखरच कारण असतें हेंही आम्हांस मान्य आहे. रानांतील एकाकी मळ्यावर राहणारें कुटुंब, पैशांची ने-आण करणारा व्यापारी, ज्यास प्रत्यक्ष धमकी आली आहे असा मनुष्य, यांनीं अर्ज करावा. (रानडुकरें व रोही यांचा उपद्रव हा विषय निराळा, तेथें पिस्तुलाचा उपयोग नाहीं, आणि वनखात्याच्या परवानगीवांचून हात उचलणें हा गुन्हा होतो.) अशांसाठीं त्या निवृत्त सैनिकांनीं सांगितलेले नियम देतों. शस्त्र रिकामें आहे असें कोणींही सांगितलें तरी तें भरलेलेंच समजावें. जें मारावयाचें नाहीं त्याकडे नळी क्षणभरही वळवूं नये. नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें. लक्ष्याच्या मागें काय आहे तें आधीं पाहावें. कारण जाड मातीच्या भिंतींत गोळी अडकेल, पण पत्रा किंवा लांकडी फळी भेदून ती पलीकडच्या खोलींत जाईल. शस्त्र व काडतुसें वेगवेगळ्या कुलुपांत असावींत, आणि किल्ली परवानाधारकाच्या अंगावर. तीन महिन्यांतून एकदां तरी मैदानावर जावें. जाणें होत नसेल तर शस्त्र परत करावें. बाहेरगांवीं जातांना, किंवा घरांत दुःखाचा वा भांडणाचा काळ असतांना, तें पोलीस-ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावें. कायद्यांत तशी सोय आहे. आणि लग्नाच्या वरातींत बार काढणें हें तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र आहे, हें वरपक्षाच्या उत्साही मंडळींस आधींच बजावावें.

निकाल असा: वस्तु म्हणून देशी रिव्हॉल्व्हरें त्यांच्या कामास अयोग्य नाहींत, शिकलेल्या हातीं तीं आपलें काम करतात. परंतु घरच्या राखणीची वस्तु म्हणून, शंभरांतील बहुतेक घरांच्या बाबतींत, आम्ही त्यांस उत्तीर्ण करूं शकत नाहीं. ज्या घरांत सूनबाईंच्या प्रश्नास सर्वांदेखत स्पष्ट उत्तर देतां येईल, त्या घरानें पुढचा विचार करावा. आमच्या पुतण्यांनीं आपलें शस्त्र तूर्त विक्रेत्याकडे ठेव म्हणून दिलें असून परसदारीं जाळीचें दार बसविण्याचें काम चालू आहे.

त्या निमित्तानें दारांचे अडसर, जाळ्या व कुलपें यांची परीक्षा पुन्हा एकदां करावी असें मनांत आहे. ज्या वाचकांस या वस्तूंचा बरावाईट अनुभव असेल त्यांनीं तो महिनाअखेरपर्यंत कळवावा. पुढील अंकीं त्याचा उपयोग करूं.